दोन गैरहजर प्रथिनं

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार घालायचा म्हणजे पालथं पडायला हवं आणि माझ्या पोटावर अजून टाक्यांची रांग आहे. तेव्हा हा नमस्कार खुर्चीत टेकून केलेला आहे, गोड मानून घे. तुझी तब्येत ठणठणीत असेलच. (तुला विचारण्यात अर्थ नाही. तापाने फणफणलेला असतानाही तू ‘मला काय धाड भरलीय’ असंच सांगतोस.) वहिनींना नमस्कार.

तर आतड्यातली गाठ निघाली. काढल्यावर ती तपासायला गेली आणि तिच्यात म्हणे चार प्रथिनं शोधली. पेशी आपली नक्कल करताना चुका करते, त्या ही चौघं सुधारतात. म्हणजे मुद्रितशोधकच की! छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा उभा जन्म गेला आणि माझ्याच पोटात आपले जातभाई राबताहेत हे मला कोणी सांगितलं नाही.

पण हे शहाणपण नंतरचं. अहवाल हातात आला तेव्हा त्यात एवढंच होतं की चारपैकी दोन प्रथिनं आढळली नाहीत. तुझी भावजय (घरातलं वैद्यकीय खातं तिच्याकडे) म्हणाली, मग उत्तमच झालं. लघवीत साखर आढळली नाही, प्रथिनं आढळली नाहीत की डॉक्टर खूश होतात, तसंच हे. तर्कात मला तरी खोट दिसेना. तिने माहेरी आणि शेजारीपाजारी बातमी पोचवली. मी टाके सांभाळत छापखाना गाठला, सगळ्यांना आइस्क्रीम चारलं आणि छोटंसं भाषणही ठोकलं. मालकाने (जो फुकट हसतसुद्धा नाही) स्वतःची खुर्ची मला दिली.

दुसऱ्या दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दात काढत गेलो. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, अहवालाकडे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की ती दोन हजर असायला हवी होती. ती कामावर नव्हती म्हणून तर चुका साठत गेल्या आणि गाठ झाली. हिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांची रजा मंजूर केली होती. पण बाई पुढे म्हणाल्या, घाबरू नका, गाठ वेळेवर निघाली आहे आणि या टप्प्यावर अशा गाठी सहसा परतत नाहीत. केमोचं नेहमीचं औषध यात फारसं उपयोगी नाही, म्हणून ते देणार नाहीत. उद्या गरज पडलीच तर प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं अशाच गाठींवर चांगली चालतात. म्हणजे आइस्क्रीम अगदीच वाया गेलं नाही. फक्त छापखान्यात शुद्धिपत्र काढायची हिंमत अजून होत नाही. मालक दिसला की मी कपाट उघडून त्यात डोकं घालतो.

बाकी सर्व क्षेम. काळजी करू नकोस, यायची घाई तर मुळीच नको.

तुझा,
धाकटा

ता. क. : एवढं पुराण कशासाठी लावलं ते सांगतो. माझ्या रक्ताची आणखी एक तपासणी झाली. दोष जन्मजात निघाला, बहुतेक बाबांकडून आलेला. (बाबा साध्या पोटदुखीने गेले असं आपण समजत होतो.) सख्ख्या भावात तो असण्याची शक्यता निम्मी. तू फक्त नळीभर रक्त द्यायचंस. दोष निघालाच, तर ठरावीक काळाने दुर्बिणीने आतडं बघतात आणि गाठ व्हायच्या आधीच कोंब खुडून टाकतात. तू म्हणशील, मला काही होत नाहीये. मलाही काही होत नव्हतं.

ता. क. दुसरा : वहिनींना फोनवर सगळं सांगितलं आहे. पत्र दडवून उपयोग नाही.

ता. क. शेवटचा : बाबांच्या मागे वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची खोली, भिंतीवरचं घड्याळ, शिलाई मशीन, सगळं थोरला म्हणून तू घेतलंस आणि मी चकार शब्द काढला नाही. (काढला, पण तुझ्यामागे.) ही एक वडिलोपार्जित चीज तेवढी अख्खीच्या अख्खी माझ्या एकट्याच्या नावावर निघू दे. भीती वाटते रे दादा. रक्त दे.