आईसाठी पंजा

४ मार्च
आईच्या उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पण बोटं मिटत नाहीत. स्वतःच्या घराच्या कुलपात किल्ली फिरवता आली, की त्याच दिवशी परत जाईन म्हणाली. तोवर मुक्काम आमच्याकडे. फिजिओबाईंनी दाबायला चेंडू दिलाय. तिला कंटाळा येतो. येणारच. पंचवीस वर्षं मिक्सर दुरुस्त करणारा मुलगा घरात असताना चेंडू कशाला? वस्तू पकडणारा पंजाच करतो. आठ दिवसांत.

१३ मार्च
आठ म्हणजे कामाचे आठ. स्प्रिंग, पट्टे आणि स्वयंपाकघरातला चिमटा जमवला. बायको सकाळपासून चिमटा शोधतेय. मीही शोधू लागलो.

१९ मार्च, सकाळी ११
चाचणी. कप, पेन, किल्ली. दहापैकी दहा. स्वतःच्याच हातावर घेतली, आईला उगाच त्रास नको.

११.२०
पंजा आईच्या उजव्या हातावर चढेचना. माप माझ्या हाताचं आणि मी डावखुरा. बायको हसून हसून खाली बसली. किरकोळ बाब आहे. उजवा तयार होईपर्यंत आईनं डाव्या हातावर सराव करावा.

२३ मार्च
आईच्या डाव्या हातावरून निसटू नये म्हणून तीन पट्टे, पाच नट वाढवले. पंजानं चमचा घट्ट धरला. मग सोडला. चमचा शेजाऱ्यांच्या गॅलरीत. स्प्रिंग दमदार आहे.

३० मार्च
सकाळी पंजा मी चढवतो आणि दुकानात जातो. काढते आई एकटीच. परवा पाऊण तास लागला, आज वीस मिनिटं. बायको म्हणते, तुझं मन मोडू नये म्हणून सोसतायत त्या. काहीतरीच.

१५ एप्रिल
फिजिओबाई चकित. बोटं मिटतायत. कुठला व्यायाम केलात, विचारलं. मी ऐटीत पंजा पुढे केला. आई म्हणाली, यातून सुटायला रोज उजव्या हातानं पाच नट सोडवते. बाईंनी नट ठेवून घेतले. पंजा परत दिला.

१६ एप्रिल
किल्ली फिरली. आई गेली. उजवा पंजा दोन दिवसांत होईल म्हटल्यावर जरा घाईनंच गेली.

२० एप्रिल
उजवा तयार. तिला फोन केला. हा घालून मी आता नेमकं काय उचलू, तिनं विचारलं. मी म्हणालो, तू गेल्यापासून करमत नाही. मग तसं सांग की, म्हणाली.
रविवारी जेवायला बोलावलंय. पंजा घरी ठेवून येण्याच्या अटीवर.