रिव्हॉल्व्हर उसनं मागणारी माणसं

प्रिय कोरीन,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. फोनवर तू 'बाबा, कसा आहेस?' विचारतेस आणि माझ्या तोंडून 'बरा आहे' आपोआप निघून जातं. कागदावर निदान मधे थांबता येतं. नॉर्माच्या कॅफेत मागच्या टेबलाशी बसलोय. बाहेर अजून गुडघाभर बर्फ आहे. तिने न मागता अंडी आणि बेकन आणून ठेवलंय आणि ताटली रिकामी होईपर्यंत हलायचं नाही, असा चेहरा करून उभी आहे.

तुझी आई गेल्यापासून मला काही वाटेनासं झालंय. रडू येत नाही, रागही येत नाही. दात काढताना बधिर केलेला गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं झालंय. अंत्यविधीनंतर तू स्पोकेनला परत निघालीस तेव्हा मी दारातून हात हलवला, तो कुणी दुसराच हलवतोय असं मला वाटत होतं. तू गाडीत रडत होतीस, ते मला दिसलं होतं.

जानेवारीतला आमच्या रिव्हॉल्व्हर क्लबचा इथला, नॉर्माकडचा नाश्ता तुला आठवत असेल. तू त्याला म्हाताऱ्यांचा बाहुल्यांचा खेळ म्हणायचीस. ज्याने त्याने आपलं सगळ्यात लाडकं रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर ठेवायचं आणि ते लाडकं का, हे उभं राहून सांगायचं. दरवर्षी तीच रिव्हॉल्व्हरं नि तीच कारणं, तरी आम्ही नव्याने ऐकतो. वेन्डेल त्याच्या जुन्या धाटणीच्या कोल्टचा घोडा सावकाश मागे ओढतो आणि त्याचे चार खटके सगळ्यांना ऐकवतो. "ऐकलंत? माझ्याशी इतकं गोड दुसरं कुणी बोलत नाही." लाइलचं त्याच्या वडिलांचं, पोलिसातलं. त्याच्या लाकडी मुठीवर वडिलांच्या अंगठ्याने झिजलेली जागा आहे, तिथे लाइलचा अंगठा बरोब्बर बसतो. एवढं सांगून तो खाली बसतो आणि पॅनकेकचे तुकडे करायला लागतो. एका वर्षी तुझ्या आईनेही तिचं ते छोटं, पाच गोळ्यांचं ठेवलं होतं. म्हणाली, "ह्याची मूठ माझ्या हातात मावते. ह्या माणसाच्या घरात माझ्या मापाची तेवढी एकच वस्तू आहे." सगळे माझ्याकडे बघून खो खो हसले होते.

यंदा माझी पाळी आली. माझं सहा इंची नळीचं कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हर टेबलावर होतं. त्याच्या पोलादाचा गर्द निळा रंग, चाप ओढताना लागणारा तो लोण्यासारखा गुळगुळीतपणा, ह्यावर मी एरवी कॉफी गार होईपर्यंत बोलतो. तू तर ते भाषण माझ्या आवाजात म्हणून दाखवायचीस. ह्या वेळी उभा राहिलो आणि मला एकही कारण सापडेना. समोर एक लोखंडाचा तुकडा होता. "आवडायचं," एवढंच म्हणालो आणि बसलो. कुणी हसलं नाही.

त्यानंतर ही माणसं उसनं मागायला लागली. तुला माहीत आहे, आमच्यात माणूस एक वेळ किडनी देईल, पण रिव्हॉल्व्हर उसनं देणार नाही, मागणार तर नाहीच. आधी लाइल आला. नातीला शाळेत कसलासा फोटो दाखवायचाय म्हणून पायथन घेऊन गेला. फोटोसाठी अख्खं रिव्हॉल्व्हर कशाला, हे मी विचारलं नाही. मग वेन्डेल आला. ज्या रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं त्याला तो जन्मभर 'डबा' म्हणत आलाय, आणि माझ्या स्मिथ अँड वेसनकडे बोट दाखवून म्हणतो, "हे माझ्या फार पूर्वीपासून मनात भरलंय." बोलताना माझ्याकडे बघेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तरीही मी दिलं. शेवटी नॉर्मा आली. परसातल्या बिळांमधल्या खारी भाज्या खातात म्हणे, तेव्हा माझं बावीस नंबरचं हवं. कोरीन, फेब्रुवारीत त्या खारी जमिनीखाली गाढ झोपलेल्या असतात आणि नॉर्माच्या भाज्यांच्या वाफ्यावर गुडघाभर बर्फ आहे. ती गेल्यावर मी रिकाम्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसलो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला जे तोंडाने सांगता आलं नव्हतं, ते ह्या तिघांनी त्या नाश्त्याला ऐकलं होतं. विचारायचं कसं, हे त्यांनाही कळत नव्हतं, म्हणून ते उसनं मागत होते. त्यांचा अंदाज चूक नव्हता. जगण्याची मला गोडी राहिलेली नाही आणि त्या कपाटासमोर मी फार वेळ उभा राहायला लागलो होतो.

पायथन नेताना लाइलने दारातून मागे वळून विचारलं होतं, "मॅक्सीनचं ते छोटं कुठंय रे?" मी म्हणालो, "कोरीनने नेलं, आईची आठवण म्हणून." तुला ह्या वस्तूंचा किती तिटकारा आहे, हे त्याला माहीत आहे. पण मुलगी आईची वस्तू नेते, ह्यावर कोण शंका घेणार? त्याने मान हलवली नि गेला.

ते तू नेलेलं नाहीस. स्वयंपाकघरात, आईच्या टॉवेलांच्या खणात आहे. ते मी का राखून ठेवलं, हे मला माहीत आहे आणि आता तुलाही कळलं. काल ते बाहेर काढलं होतं. मूठ माझ्या हातात मावेना, आणि तिचं ते वाक्य आठवलं. हसू आलं असं नाही म्हणत, पण गालाला सुई टोचल्यासारखं काहीतरी झालं. ते परत खणात ठेवलं आणि माझ्याकडे गरम पाणी येत नाही, अशी थाप मारून लाइलच्या सोफ्यावर झोपायला गेलो. त्यानेही काही विचारलं नाही. तू येईपर्यंत तिथेच राहणार आहे. घराची किल्ली आत्ताच नॉर्माच्या हातात दिली. तिने ती एप्रनच्या खिशात टाकून खिसा दाबून धरला.

तेव्हा ये. खारींचं कारण सांग, फोटोचं सांग, काहीही सांग, मी खोदून विचारणार नाही. ते छोटं घेऊन जा आणि लाइलला मी सांगितलेलं खोटं तेवढं खरं कर.

वाट बघणारा तुझाच,
बाबा