डाव्या हाताचं बटण

अमरावती

प्रिय शालिक,

पाकीट हातात पडल्यावर तू ते उलटसुलट करून बघशील आणि गोदावहिनींना म्हणशील, "या गोपालच्या मोबाईलले काय झालं, चिठ्ठी काहून लिहून राहिला हा?" मोबाईल ठणठणीत आहे. पण फोनवर मी कॅमेऱ्याचं नाव काढलं, की तू "हं, बरं, वहिनीशी बोल" म्हणून मोकळा होतोस. पत्राच्या बाबतीत तुला ती सोय नाही. सुरू केलंस की माझी कटकट शेवटपर्यंत ऐकावी लागणार. अक्षराला हसू नकोस, तुझं माझ्यापेक्षा कधीच बरं नव्हतं.

आधी आपल्या नेहमीच्या बातम्या. नवीन डीएसएलआर येणार अशी हवा पुन्हा उठली आहे. एक म्हणतो दिवाळीपर्यंत, दुसरा म्हणतो मार्चमध्ये. तिसरा म्हणतो आरशाच्या कॅमेऱ्यांचा जमाना गेला, आता सगळे मिररलेसच निघणार, आणि हा आलाच तर शेवटचा. एकाने तर त्याचं चित्रच दाखवलं. पण ते कुणीतरी घरी बसून बनवलेलं असावं, कारण त्यात लेन्स काढायचं बटणच नव्हतं. अंधारातही चुकणार नाही असा फोकस, माणसाचा डोळा ओळखून तिथेच थांबणारा फोकस, दोन कार्डं, आणि मेगापिक्सेल तर असे सांगतात जणू रोज बॅनरच छापायचे आहेत. मी सगळे व्हिडिओ चहा थंड होईपर्यंत बघितले. शकुन म्हणाली, "तुमाले या वयात काय नवरदेवाचा कॅमेरा घ्याचा हाय का?" मी पुढचा व्हिडिओ लावला. मी जे शोधत होतो त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

काय शोधत होतो ते तुला ठाऊक आहे. झटका येऊन गेल्यावर तुझा पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. मी अकोल्याला भेटायला आलो तेव्हा तू कॅमेरा ठेवलेल्या कपाटाकडे मान करून म्हणालास, "जगातल्या समद्या कॅमेऱ्याचं बटण उजवीकडं. डाव्या हाताचं आलं का सांगजो, तवाच धरीन." वहिनी हसल्या, तूही हसलास. मी मात्र ते शब्दशः घेतलं. तेव्हापासून नवा कॅमेरा आला की लोक पिक्सेल बघतात आणि मी बटण कुठल्या बाजूला आहे ते बघतो. अजून तरी ते उजवीकडेच आहे. आणि मागच्या आठवड्यात वहिनी हळूच म्हणाल्या, की कॅमेरा पुतण्याला देऊन टाकायचं तुझ्या मनात आहे. शालिक, ते ऐकून मला जेवण गेलं नाही. वस्तू देण्याचं काही नाही रे, आपण कित्येक लेन्सा वाटल्या. पण हा गेला की तू पुन्हा कधी कॅमेरा धरणार नाहीस, हे मला कळतं, आणि मला ते नको आहे.

आपल्या दोघांचं अर्धं आयुष्य असे अंदाज बांधण्यात गेलं. वामनरावांच्या स्टुडिओत प्रिंट धुताना त्या लाल उजेडात तू म्हणाला होतास, की एक दिवस असा कॅमेरा येईल की फोटो काढला की तिथल्या तिथे दिसेल. मी म्हणालो, मग लोक आपल्याला पैसे कशाला देतील? वामनराव बाहेरून ओरडले, "गप्पा कमी करा बे, प्रिंट काळ्या पडून राहिल्या." तुझा अंदाज खरा ठरला. मी मात्र रोल कधीच बंद होणार नाहीत यावर पैज लावून बसलो आणि हरलेली कचोरी तुला परतवाड्याच्या स्टँडवर खाऊ घातली. पुढे तू अकोल्याला दुकान टाकलंस, मी इथेच राहिलो, पण दाट तिथीला दोन लग्नं अंगावर आली की तू माझ्याकडे नाही तर मी तुझ्याकडे, हे ठरलेलंच. गर्दी, वरात, पंगती माझ्याकडे आणि माणसांचे चेहरे तुझ्याकडे. मी धडाधड फोटो काढत सुटायचो आणि तू बोट बटणावर ठेवून नुसता उभा. नवरीचा बाप डोळे पुसायला उपरणं वर नेणार, त्याच्या आधीच्या क्षणाला तुझ्या कॅमेऱ्याचा एक आवाज व्हायचा. मला ते आजतागायत जमलेलं नाही. हे तुझ्या तोंडावर मी कधी बोललो नसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या उन्हाळ्यात अंजनगाव सुर्जीला एक लग्न होतं, पानमळ्यावाल्यांच्या घरचं. हळदीला बाया फोटोवाल्यालाही सोडत नाहीत, हे तुला सांगायला नको. मी कॅमेरा वाचवायला खाटेवर ठेवला आणि तेवढ्यात नवरीच्या मावशीने माझा उजवा हात पार कोपरापर्यंत माखला. तिकडे नवरीची आजी नाचायला उठली. हळदीच्या हाताने कॅमेरा धरायची सोय नाही, म्हणून मी डाव्या हाताने झडप घातली. खाटेवर तो पालथा पडला होता, तसाच डोक्यावर उभा हातात आला. पकड डाव्या मुठीत बसली, अंगठा खाली घसरला आणि खटकन फोटो निघाला. आजीचा अर्धा पाय आणि एक बादली. पण मी त्या बादलीकडे असा बघत राहिलो, की मावशी म्हणाली, "काय झालं भाऊ, बिघडला का?"

बिघडला नव्हता. शालिक, कॅमेरा उलटा धरला की बटण डावीकडे येतं! आपण दोघे एवढी जुनी खोडं, कंपनी बटण कधी डावीकडे नेणार याची वाट बघत बसलो आणि कॅमेरा फिरवून बघायचं एकालाही सुचलं नाही. कसं सुचणार? वामनरावांनी पहिल्याच दिवशी दरडावलं होतं, की कॅमेरा कधी उलटा धरायचा नाही.

तेव्हापासून पावसाळाभर मी उजवा हात पँटच्या खिशात घालून फोटो काढतो आहे. इथल्या भाजीबाजारात जमुनाबाई झेंडूचे हार विकते, तिने पहिल्यांदा विचारलं, "भाऊ, हाताले लागलं का?" मी म्हणालो, नाही, शिकून राहिलो. ती म्हणाली, "उलटा धरला तं फोटो बी उलटाच येईन ना." येतोच. पण कॉम्प्युटरवर एकदा फिरवला की सरळ. आणि आतून बघताना माणूस सरळच दिसतो, फक्त खालचे आकडे डोक्यावर उभे असतात. ते आकडे तू आयुष्यात कधी बघितले आहेस? अडचणी आहेत, त्याही सांगतो. पट्टा मनगटाला गुंडाळावाच लागतो. झूम एका हाताने फिरत नाही, तेव्हा बिनझूमची पन्नासची लेन्स लावायची आणि पायाने पुढेमागे व्हायचं, तुझ्या बेताने हळूहळू. वर लावलेला फ्लॅश खाली जातो आणि हनुवटीखालून उजेड पडला की चांगला माणूसही भूत दिसतो. जमुनाबाईने स्वतःचा तसा फोटो बघून मला दोन शिव्या हासडल्या. फ्लॅश काढून दुसऱ्या कुणीतरी धरायचा. वहिनींना मी विचारलं आहे, त्या धरायला तयार आहेत. सुरुवातीचे फोटो हलतील. माझे ढीगभर हलले. मग हलेनासे झाले, आणि माझा डावा हात तर भाकर मोडायच्याही कामाचा नव्हता.

हे सगळं मी का लिहितो आहे? आपल्या आचलचं लग्न ठरलं. मुलगा चांदूर बाजारचा आहे, घरची संत्र्याची बाग, माणसं साधी. मार्गशीर्षात इथेच लग्न आहे. इतकी वर्षं मी लोकांच्या मांडवात कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलो, या वेळी मला नवरीचा बाप म्हणून समोर पाटावर बसायचं आहे. उपरणं माझ्या खांद्यावर असेल. मला माहीत आहे मी रडणार, आणि त्या वेळी समोर अनोळखी पोरगा उभा असेल हे मला सहन होणार नाही. आचलला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "शालिककाकाच काढतीन, नाही तं कोणीच नको." म्हणून मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. गर्दी, वरात, पंगती सगळं राहू दे, मला एकच फोटो हवा आहे. कॅमेरा पुतण्याला द्यायचाच असेल तर लग्नानंतर दे. आणि तू आला नाहीस, तर फोटोवाल्याच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचा एकही फोटो निघणार नाही, हे तुला लिहून देतो.

वाट बघणारा, तुझाच
गोपाल