धोट्यावरचं नाव

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

तीर्थरूप आप्पांना वैजूचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, डबा वेळेवर मिळतो. आईचा खोकला कसा आहे? खरं कळवा.

लहानपणी तुम्ही मागावर बसून विचारायचात, "वैजू, धोटा म्हणजे माग का? फणी म्हणजे माग का? मग माग कुठंय?" मला उत्तर कधी आलं नाही. त्याच प्रश्नावर, टाकून दिलेल्या वस्तू जोडून, मी प्रदर्शनासाठी एक काम करायला घेतलंय.

त्यासाठी सोमवारी भंगारवाल्याकडे गेले होते. तिथं एक हातमाग सुटा करून टाकलेला होता. येवल्याहून आला, म्हणाला. मी धोटा उचलला, तर त्यावर मी लहानपणी खिळ्यानं कोरलेलं "वैजू" होतं. तेव्हा तुम्ही मला मारलं होतं, पण नाव काही घासून काढलं नाहीत.

त्याच संध्याकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, माग जोरात चालू आहे, या पदराला मोर घेतलेत. मी "छान" म्हणाले. फोन ठेवला. आता हे पत्र लिहितेय.

सगळे भाग खोलीवर आणलेत. तीनदा जोडून पाहिले. मैत्रिणी म्हणतात, सुंदर झालंय. मला नुसती लाकडं दिसतात. हे काम माझ्याच्यानं पुरं व्हायचं नाही.

आईला यातलं काही सांगू नका. तिला माहीत असेल, तर मला माहीत आहे हे सांगू नका.

तुम्ही आता दिवसभर कुठं बसता, आप्पा?

तुमची,
वैजू