मोहदऱ्यात वाघ नाही

मोहदरा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस बळीरामचा नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? पायल आणि साकेतराव कामावर गेले की पुसदच्या त्या खोलीत दिवस सरत नाही, असं तू तुझ्या भावजयीला, अंजूला, फोनवर म्हणालीस. मी तेव्हा तिथेच बसलो होतो, पण फोन घेतला नाही. तुमच्याकडे फोन स्पीकरवर लावतात, आणि मला जे सांगायचं ते तुला एकटीलाच सांगायचं आहे. लेक-जावयाने हे वाचलं तरी माझी ना नाही, पण आधी तू वाच.

हरभरा सोंगून झाला. राजूरच्या खाणीची काळी धूळ पानांवर बसली होती, तरी घाटे चांगले भरले. रानडुकरांनी या वेळी एक ओळही उकरली नाही. अंजूने तुझं घर झाडून सारवून ठेवलंय. शेळ्यांच्या कुडाला मी नव्या तुराट्या लावल्या. शेळ्या नाहीत, हे माहीत आहे. तरी लावल्या.

तू परत ये. आता भिण्यासारखं काही नाही. वाघ निघून गेला असं

हे वाक्य मी अर्धंच सोडतोय. पुरं केलं असतं तर तू कदाचित आलीही असतीस. पण जो कधी आलाच नव्हता, तो निघून कसा जाईल?

दिवाळीनंतर डुकरांनी माझ्या वावराचं काय केलं ते तू पाहिलंस. सगळ्यांसारखा मीही बॅटरीवरचा भोंगा आणला. त्यात आपलंच ओरडणं भरायचं आणि दिवस बुडाला की लावून द्यायचा. चार दिवस डुकरं पळाली, मग सरावली. मी भोंग्यातून शिव्या देतोय आणि ती खाली निवांत चरताहेत. माझं टाळकं फिरलं. मोबाइलवर शोधून वाघाची डरकाळी उतरवली आणि भोंग्यात भरली. मधूनमधून एकदा वाजेल अशी. त्या दिवसापासून वावर साफ. अंजूलाही सांगितलं नाही. खरं सांगू, मला गंमत वाटली.

दुसऱ्या सकाळी गावात एकच बोलणं. पांढरकवड्याकडे वाघिणीच्या तोंडी माणसं कशी गेली, ते कुणी विसरलेलं नव्हतं. बाया कापूस वेचायला जाईनात. कुणाला पंजे दिसले, कुणाला शेपूट. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा नुसतं हसं झालं असतं.

पण दिवस बुडताना वावरात जाणारा गावात मी एकटाच उरलो. मला कशाची भीती? पोरं मागून बघायची. ग्रामपंचायतीत माझ्यासाठी खुर्ची सरकवू लागले. तुझी शेजारीण नंदाबाई, जी मला आयुष्यात कधी पाणी विचारत नव्हती, ती बोलावून चहा पाजायची. एवढ्या वर्षांत मला कुणी हिंमतवान म्हटलं नव्हतं, ताई. तूही नाही. मला ते फार आवडलं. डुकरांपेक्षा याच्यासाठीच मी भोंगा लावत होतो, असं आता वाटतं.

आणि मग ती संध्याकाळ. तू नाल्यात शेळ्या घेऊन होतीस, हे मला माहीत नव्हतं. एवढं तरी खरं मान. डरकाळी ऐकून तू अनवाणी पळत आलीस, काखेत करडू, पाय काट्यांनी फाटलेले. माझ्या अंगणात बसून माझा हात धरलास आणि म्हणालीस, "बळी, तू वावरात नोको जाऊ रे. मले एकच भाऊ आहे."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. "मी नाही भेत त्याले. तू चहा पे." अंजू तुझ्या पायातले काटे काढत होती आणि मी मिशीवर हात फिरवत उभा होतो. त्यानंतरही मी भोंगा बंद केला नाही. घाटे भरत होते ना.

आठवड्यात तू शेळ्या विकल्यास. तुझं गाठोडं मीच बसमध्ये ठेवलं. गाडी सुटायला वेळ होता, आपण दोघंच होतो, तू रडत होतीस. तिथेही माझं तोंड उघडलं नाही. त्याची मला लाज वाटते.

पुढचं वाचून तुला जास्त वाईट वाटेल.

गेल्या सोमवारी सकाळी नंदाबाईला खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याजवळ काहीतरी दिसलं. ती ओरडली, माणसं काठ्या घेऊन धावली आणि मला हाका मारू लागली, "बळीरामभाऊ, तुम्ही पुढं व्हा." मी पुढे झालो. झुडपात तडस होतं. मागून बसकं, अंगावर पट्टे. तुझंच तडस, ताई. करडू मेलं की तू ते नाल्यापलीकडे ठेवून यायचीस, त्यालेबी पोट आहे म्हणायचीस, ते. पट्टे दिसताच कुणीतरी वाघ म्हणालं. मी नुसतं "हे तडस आहे, जाऊ द्या" एवढं म्हणायला हवं होतं. पण मग कुणी विचारलं असतं, वाघ नाही हे तुले कसं ठाऊक? तेवढ्या भीतीने मी गप्प राहिलो. माझी काठी उचलली गेली नाही, पण ते काही पुण्य नव्हे. सगळे मला पाहून पुढे आले होते. काठ्या पडल्या तेव्हा ते पळालंसुद्धा नाही नीट.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. गुरुवारी मी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं. भोंगा नेला, वाजवून दाखवला. वनरक्षक धावजी पवार होते, त्यांनी भोंगा ताब्यात घेतला आणि म्हणाले, "तडस मारलं त्याचं कलम आहे. पण तुमचं हे कोणत्या कलमात लिहू, मले समजून नाही राह्यलं." तडसाच्या प्रकरणात माझं नाव पहिलं लिहा, असं मी त्यांना सांगितलं आहे.

तुला वाटेल, गावाने मला जोड्याने मारलं असेल. तसं झालं असतं तर मी सुटलो असतो. कुणाचा विश्वासच बसला नाही. म्हातारा उकंडा मला बाजूला घेऊन म्हणाला, "फॉरेस्टवाल्यानं तुले दम देला का?" नंदाबाई म्हणाली, "आमचं भेव जावं म्हणून भाऊ सोतावर घेऊन राह्यले. मी माह्या डोयानं पाह्यला वाघ." आणि तिने हात जोडले. मला, ताई. बाया अजून नाल्याकडे जात नाहीत.

खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आता खरं ऐकणारी तू एकटीच उरलीस. लहानपणी माझ्या तोंडाकडे बघून तू माझं खोटं ओळखायचीस, तसं हे अक्षर बघून खरं ओळख. नंदाबाईला फोन कर. तिला सांग की बळीराम भित्रा आहे, पहिल्यापासूनच होता, आणि वाघ नाही. तुझं ती ऐकेल.

मग तू ये. माझ्यासाठी नको. माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस, बोलू नकोस, अंजूच्या हातचं खा आणि मला शिव्या दे. पण स्वतःच्या घरी ये. दोन शेळ्या घे आणि नाल्यात जा. तू गेलीस की बाकीच्या बाया मागून येतील. तिथे आता कुणीच नाही, तडसही नाही.

खाली मी नुसतं नाव लिहितो. दरवेळी त्याच्याआधी 'तुझा भाऊ' लिहायचो. या वेळी ते तुला विचारल्याशिवाय लिहवत नाही.

बळीराम