दुपारी येतो तो तू नव्हेस

प्रिय पुंडलिक,

सायकल घेतलीस म्हणे. उडता येणाऱ्या माणसानं सायकल घ्यायची, चाकात हवा भरत बसायचं, आणि हे मला तुझ्या बहिणीकडनं कळायचं? अळणावरच्या बाजारात रूपा भेटली म्हणून कळलं, नाहीतर तू आहेस का गेलास तेही ठाऊक नव्हतं. पत्ता मागितला तर म्हणते, अक्का, दादानं कुणाला द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, मी कुणी आहे होय गं? मग गप देऊन टाकला. सावंतवाडीला लाकडाच्या वखारीत फळ्या रचतोस. रच. हुबळीत कुणी छपरावर अडकलं तर त्यानं आता आपापली शिडी बघावी.

माझी चौथीपर्यंतची मराठी आहे, सावकाश वाच. दुसऱ्याकडनं लिहून घेतलं असतं, पण जयलक्ष्मी झोपलीय आणि बाळकृष्ण अण्णाला सगळंच सांगण्यासारखं नाही.

तू गेल्यावर गावाच्या अडीअडचणीला धावणारे आपण चौघांचे तिघं उरलो. अण्णा अजून भिंतीतनं आरपार जातो, पण साठीला आला, मध्येच गुडघा अडकतो म्हणतो. जयलक्ष्मीचे कान तेवढेच तिखट, उणकलच्या तळ्यात मासा उडाला तर तिला जुन्या हुबळीत ऐकू यायचं. आणि मी आहे तशीच. मिरची कांडायची गिरणी, दिवसभर ठसका, आणि कुठं लॉरी उलटली की जाऊन उचलायची. अण्णानं दुकानातल्या उरलेल्या कापडाचे आपल्याला जांभळे अंगरखे शिवले होते बघ, त्यातला तुझा यंत्र पुसायला घेतलाय असं मी सगळ्यांना सांगते. घेतलेला नाही.

यंदा उन्हाळ्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. दुपारी अर्धं शटर ओढून, जेवून माणसं आडवी होतात ना, ती उठेनात. संध्याकाळ झाली, गिऱ्हाईक बाहेर बोंबलतंय, आत शेठ गालात हसत पडलाय. डॉक्टर म्हणाले, सगळं बरोबर आहे, यांना उठायचंच नाही. हे करणाऱ्याला कुणी बघितलेलं नाही, कारण त्याला स्वतःचं तोंड नाही. तो स्वप्नात येतो आणि ज्या माणसाची आठवण तुम्हाला सगळ्यात जास्त छळते त्याचं तोंड लावून पुढ्यात बसतो. झोपवतो म्हणून लोकांनी त्याला निद्दप्पा नाव पाडलंय. आपल्या गावात कशालाही अप्पा लावला की भीती कमी होते. पण माणसं वाळायलीत, पुंडलिक. नळीतनं पाणी घालून कितीसं जगणार?

पहिल्यांदा मी माझ्या पद्धतीनं गेले. घमेल्यात निखारे घेतले, वर मिरच्या टाकल्या. ब्याडगी नव्हे, ती रंगाची, चांगली जहाल गुंटूर. अर्धी गल्ली मला शिव्या घालत उठली. मला वाटलं, झालं, जिंकलो. पुढच्या आठवड्यात लोकांना स्वप्नातही ठसका लागायला लागला, आणि स्वप्नातलं ते माणूस त्यांच्या पाठीवरनं हात फिरवायला लागलं. म्हणजे माझ्या मिरचीनं त्याचीच सोय झाली.

मग कापडवाल्या प्रशांतचं झालं. त्याची दीपाली रुसून माहेरी गेलेली. स्वप्नात ती परत आली, चुकलं माझं म्हणाली, चहा करून दिला. हा तिथं सुखात, इकडं खऱ्या दीपालीचा फोन आला. अण्णानं तो त्याच्या कानाला लावला. तिनं अशा काही शिव्या हासडल्या की त्यातल्या दोन तर त्यानं जन्मात ऐकल्या नव्हत्या. ताडकन उठून बसला आणि म्हणाला, ही खरी! त्याच्याबरोबर ती सगळी ओळ उठली, या टोकाच्या सोनारापासून त्या टोकाच्या भांडीवाल्यापर्यंत. तेव्हा अण्णाला उमगलं. निद्दप्पाकडं त्याचं स्वतःचं काही नाही. तुमच्या डोक्यात आहे तेवढंच तो तुम्हाला वाढतो. डोक्यात नसलेलं काही बाहेरनं आलं की त्याचं बिंग फुटतं, आणि एकाजवळ फुटलं की आसपासच्या सगळ्यांवरचा हात सुटतो.

हे कळल्यावर जयलक्ष्मी मुद्दाम झोपली. आतनं तो कुठल्या अंगाला आहे ते ऐकून सांगते म्हणाली. तिच्याकडं तिची आई आली. केस विंचरते, अबोली माळते. ती माऊली जाऊन किती वर्षं झाली, आता ती नवीन काय कळवणार? जयलक्ष्मी काही परत आली नाही. मी रोज जाऊन तिचे ओठ ओले करते. इतकी लहान दिसते रे ती झोपेत.

आता माझी पाळी आहे. अण्णा म्हणतो, तुझं माणूस जिवंत आहे, हिरा, म्हणून हे तुलाच जमेल. कोण माणूस ते त्यानं विचारलं नाही. म्हातारा भिंतीतनं बघतो, त्याला काय विचारायचं राहिलंय.

रोज थोडी थोडी झोपून बघतेय. तू येतोस. म्हणजे तो येतो. गिरणीतल्या पोत्यांजवळ बसतोस, तुझ्या सवयीनं जमिनीपासून वीतभर वर. भाकरी मागतोस. केस पिकलेले नाहीत तुझे, कारण पिकलेले मी बघितलेच नाहीत. मग मी विचारते, न सांगता का गेलास? आणि तो उत्तर देतो. रोज तेच. मला ते पाठ झालंय तरी मी रोज विचारते. अण्णा भिंतीतनं हात घालून माझी वेणी ओढतो तेव्हा जाग येते. परवा त्यानं ओढली आणि मी झोपेतच हात झटकला, बिचाऱ्याचं बोट मोडलं. तेव्हा मला भीती वाटली. लॉरीखाली कधी वाटली नव्हती.

तारिहाळच्या त्या कारखान्याचं छप्पर आठवतं? मी तुळई धरून उभी, तू एकेक कामगार बाहेर काढतोयस, आणि मी ओरडतेय, आधी त्यांना ने, मला शेवटी. शेवटी मला नेलंस. वर गेल्यावर तुझे हात कापत होते. खाली उतरल्यावर चारचौघांत म्हणालास, या बाईचं वजन काय आहे! सगळे हसले, मीही हसले. त्याच आठवड्यात तू नव्हतास. हात कशानं कापले ते मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं. वाटलं, उद्या विचारू.

आता काम सांगते. फोन कर म्हणशील, तर फोन तो पण करतो, तुझ्याच आवाजात. तू समोर येऊन उभा राहिलास तरी झोपेत आहे का जागी, ते मला सांगता यायचं नाही. पण इतक्या वर्षांत तू मला एक ओळ कधी लिहिली नाहीस. तुझं अक्षर गोल आहे का तिरकं, तुला काना कुठं द्यायचा ते कळतं का, मला काहीच ठाऊक नाही. मला ठाऊक नाही म्हणजे त्यालाही नाही, पत्र आलं तर ते खरं तुझंच. म्हणून लिही. का गेलास ते लिही. माझं तोंड फाटकं म्हणून गेलास तर तसं लिही, दुसरी कुणी होती तर तिचं नाव लिही, कंटाळलास तर कंटाळलास म्हण. कडू असलं तर ते घेऊन मी झोपेन आणि त्याच्या गोड बोलण्यावर थुंकून सगळ्यांना घेऊन उठेन. तो काय सांगतो ते मी इथं लिहिणार नाही, लिहिलं तर मला बरं वाटावं म्हणून तू तेच उतरवून पाठवशील. आणि न सांगता तेच तुझ्या अक्षरात आलं, तर त्याच्यापाशी बसून राहायचं मला काही कारणच उरणार नाही. शुक्रवारी दुपारी मी झोपणार आहे, वेणी ओढायला या वेळी अण्णा नाही. हे पत्र बेळगावच्या बसवाल्याच्या हातात देतेय, तो पुढं सावंतवाडीच्या गाडीत देईल. उत्तर त्याच वाटेनं पाठव. गुरुवारी संध्याकाळची गाडी स्टँडवर लागेल तेव्हा मी तिथं उभी असेन, पत्र त्या गाडीत पाहिजे.

तुझीच, जागी असेपर्यंत तरी,
हिरा