बाबांसकट रिकामी खोली

नागाओका, ६ मार्च

प्रिय कोहेईदादा,

वहिनी आणि मुलं बरी असतील. इथे छपरावरचा बर्फ दुपारी गळू लागला आहे.

फोनवर मी तुला एक गोष्ट खोटी सांगितली. आधी नुसता क्रम लिहिते.

१. ११ जानेवारी : बाबांच्या खोलीत मी आमच्या कंपनीचं रडार बसवलं. काडेपेटीएवढं. श्वासाबरोबर छाती हलते, ते भिंतीवरून ओळखतं.

२. २८ जानेवारी, ९.१० : ऑफिसात फोनवर पाहिलं. 'खोली रिकामी.' बाबा बाजारात गेले असतील, असं मी धरून चालले.

३. ११.४० : शेजारच्या इगाराशी काकूंना बाबा खुर्चीत दिसले. गेलेले.

४. डॉक्टरांचं मत : झटका नऊच्या आधी आला. त्यानंतर बाबा दीड-दोन तास जिवंत होते.

चौथं मी तुला सांगितलं नाही. मी म्हणाले होते, "लगेच गेले."

यंत्र बिघडलेलं नव्हतं. बसवल्यावर त्याला एकदा रिकामी खोली दाखवावी लागते, तीन मिनिटं. तेव्हा जे दिसेल ते 'काही नाही' म्हणून ते लक्षात ठेवतं आणि पुढे वजा करतं. त्या वेळी खोलीत कुणी नसावं, हे माहितीपुस्तिकेतलं वाक्य मीच लिहिलं आहे.

बाबा हीटरजवळच्या खुर्चीत होते आणि बाहेरची ओसरी गोठलेली. मी म्हटलं, "उठू नका. फक्त हलू नका."

"चाळीस वर्षं एक्स-रे काढले मी. ते वाक्य माझं आहे."

"बरं, उसनं घेते. हलू नका."

त्यांनी श्वासही रोखला. सोडला, पुन्हा रोखला. मला हसू आलं. "श्वास घ्या, बाबा. आम्ही तेवढाच तर मोजतो."

"मग आधी सांगायचं. पेशंटला आधी सांगायचं असतं."

रविवारी पुन्हा नीट करू, असं मी ठरवलं होतं. दोन रविवार गेले.

यंत्र रिकामी खोली शिकलं ते बाबांसकट. २८ तारखेला ते तिथेच, तसेच बसलेले होते, श्वास अगदी उथळ. जे शिकवलं तेच त्याने सांगितलं.

आता उलट होतं. खुर्चीत कुणी नाही, म्हणून शिकलेल्या खोलीशी फरक पडतो. रोज फोनवर येतं : 'एक व्यक्ती. स्थिर.' श्वासाच्या जागी आडवी रेघ. कारण मला माहीत आहे. तरी मी दिवसातून आठ-नऊदा पाहते.

इगाराशी काकू म्हणाल्या, "अगं, काढून टाक ते. त्यांना तरी बसू दे निवांत."

मी म्हटलं, "बघते."

पुढच्या वर्षीचं यंत्र रिकामी खोली आपोआप शिकेल. कुणी काही दाखवायला नको. माझ्यासारखी चूक मग कुणाच्या हातून होणार नाही. झाली, तर ती कुणाची हेही कळणार नाही. त्या कामावर माझं नाव आहे.

१७ मार्चला बाबांना जाऊन एकोणपन्नासावा दिवस. विधी झाल्यावर यंत्राला खोली पुन्हा दाखवायची आहे. तीन मिनिटं सगळ्यांनी ओसरीत थांबायचं. त्यासाठीचं बटण मला एकटीला दाबता येत नाही. दोनदा प्रयत्न केला.

हे सगळं वाचल्यावरही तू माझ्याबरोबर ओसरीत उभा राहशील का, एवढं १४ मार्चपर्यंत कळव. उत्तर 'नाही' असलं तरी कळव.

तोवर खुर्ची हलवत नाही.

चिसातो